पाण्याचं वेळापत्रक

बोर्डाचं वेळापत्रक रुचितानं कपाटाच्या दाराला चिकटवलं.
त्याच्या कडेला ह्यांनी, सुताराच्या जाड पेन्सिलीनं,
तिथी मोजून लिहिलं:
मराठी – भरती सव्वासातला.
इंग्रजी – पावणेनऊ.
बीजगणित – साडेदहा, उधाण, जेटीच्या फळीपर्यंत पाणी.
भूमिती – पंचमी. दहाला सुकती. सातलाच निघायचं.
बाकी काही नाही. ऑल द बेस्टसुद्धा नाही.
“पाण्याचा मी बघतंय,” म्हणाले, “तू पेपराचा बघ.”

बोलत होते ती मी.
पूर्वपरीक्षेत भूमितीला चाळीसात अकरा,
आणि मी बांगडा वाढता वाढता म्हणाले,
काजूच्या फॅक्टरीत जागा आहे म्हणे,
नाव घालू का उद्याच?
ती ताटावरून उठली.
रात्री दोनपर्यंत दाराखालून उजेड,
पण पान उलटल्याचा आवाज नाही.
जाळ्यात मासा आहे की नुसतं शेवाळ
हे दोरी हातात धरली की कळतं,
तसं मला पडल्या पडल्या कळत होतं.

मुलीची माफी कशी मागायची
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी गाबोळी तिच्या ताटात वाढली,
ह्यांना न विचारता.
तिनं मोडून अर्धी
माझ्या ताटात सरकवली.

मग शिमगा आला.
ढोल वरच्या वाडीतून खाली उतरत होता
आणि ती खिडकीत, हातात कंपास.
माझ्या जिभेवर “अभ्यास” आलाच होता,
गिळला. म्हटलं, जा, पालखी नाचवून ये.
गुलालानं माखून आली नऊ वाजता,
आणि तशीच झोपली, सकाळी सहापर्यंत.
कोयंडे काकी कुंपणावरून म्हणाल्या,
गे बाय, परीक्षेच्या तोंडार?
म्हटलं, झोपली ती. खूप दिवसांनी.

पंचमीला सातला निघालो.
पेज पिऊन, हॉलतिकीट दोनदा बघून
(तिनं एकदा, मी एकदा, चोरून).
खाडी उतरत होती, दोन्ही काठांना
ओल्या चिखलाची पट्टी वाढत चाललेली,
हे वल्ह्यानं तळ चाचपत होते.
पलीकडे पोचलो तेव्हा पेपराला तीन तास होते.
शाळेमागच्या काजूखाली बसलो.
तिनं वही उघडली, मिटली.
उघडली.
मग एकदम विचारलं,
“आई, तुझा गेला कसा, भूमितीचा?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
“दिलाच नाही,” म्हटलं.
“त्या दिवशी तर गाळात रुतली.
आम्ही सात पोरं, चपला हातात,
समोर शाळा दिसतेय, घंटा ऐकू येतेय.
पाणी चढलं तेव्हा पेपर सुटला होता.”
“पुन्हा नाही बसलीस?”
“नाही.”
“तर कुणाची होती?”
“तुझ्या आजोबांची. ह्यांच्या बाबांची.”

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग खाली, धक्क्याकडे,
जिथे हे होडीतलं पाणी उपसत होते, पाठमोरे.
“आणि तरी त्याच घरात लग्न केलंस?”
अशी हसली, अशी हसली,
की आसपासची पोरं पुस्तकातून मान वर काढून बघायला लागली.
मीही हसले. काजूचं एक बोंड पडलं मध्येच,
ते तिनं पुसून खाल्लं,
घसा धरेल म्हणेपर्यंत.

दीडला होडीत चढली.
मी सकाळपासून जपून ठेवलेला प्रश्न
पदराच्या गाठीत तसाच.
भरती लागली होती, होडी हलकी चालत होती.
निम्म्या खाडीत तीच म्हणाली,
“एक प्रमेय राहिलं. चार मार्कांचं.”

हे पाण्याकडे बघत होते.
“हात आत घे,” म्हणाले, “ओढ आहे.”
आणि थोड्या वेळानं,
“विज्ञानाक किती वाजता निघूचा, ता लिवन ठेवलंय.”